नानासोंची हरकत

ना हरकतीच्या कागदावर सही करायला दोन मिनिटं लागतात. नानासोंनी चार महिने घालवले आणि तरी केली नाही. गल्लीनं त्यांना हेकट ठरवलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून झालं, शेजाऱ्याचं चांगलं बघवत नाही असंही म्हणून झालं. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं. सही न करायला कारण त्यांच्यापाशी होतं, एकच होतं आणि खरं होतं. फक्त ते तोंडावाटे बाहेर काढायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

प्रकरण तसं साधं होतं. तासगावात रस्त्याला लागून जयराजचं घर. जयराज फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला, गावाबाहेर त्याची द्राक्षबाग. त्याच्या घराच्या बरोबर पाठीमागं नानासोंचं कौलारू घर. जयराजच्या घराच्या बाजूनं, रस्त्यापासून थेट नानासोंच्या परसदारापर्यंत, दहा फूट रुंदीची एक मोकळी पट्टी होती. जागा जयराजची, त्यात कुणालाच शंका नव्हती. त्याच्या एका गॅरेजात गाडी राहायची. ट्रॅक्टर आणि बागेला औषध मारायचा ब्लोअर रस्त्यावर उभे असायचे, आणि दोनदा ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली होती. म्हणून त्याला त्या पट्टीवर दुसरं गॅरेज बांधायचं होतं. भिंत थेट हद्दीला भिडवायची होती आणि त्यासाठी नगरपालिकेला शेजाऱ्याची संमती हवी होती. शेजारी नाही म्हणाला तर त्याची हरकत ऐकून घ्यायची आणि मग काय तो निर्णय.

जयराज वाईट माणूस असता तर नानासोंचं काम सोपं झालं असतं. पण तो पेढे घेऊन आला, बोळातून वाकत आत शिरला, अंबूबाईच्या बाजेशी बसून तिची चौकशी केली आणि मग कागद पुढं केला.

"तात्या, एवढी सही द्या. तुमच्या भिंतीला माझा धक्कासुद्धा लागणार न्हाई."

"बघतो," नानासो म्हणाले.

"बघतो काय? वाचून दाखवू का?"

"न्हाई न्हाई. बघतो की."

तो कागद देवाच्या फळीवर जाऊन बसला. दर आठ दिवसांनी जयराज विचारायचा आणि दर आठ दिवसांनी नानासो "बघतो" म्हणायचे. फौजेतल्या माणसाला हो कळतं, नाही कळतं. हे बघतो त्याला कळेना. शेवटी त्यानं नगरपालिकेत अर्ज टाकला, पट्टीवर चुन्याची फक्की मारून भिंतीची आखणी केली आणि नानासोंच्या नावावर नोटीस आली.

आता त्या कारणाकडं येऊ.

नानासोंच्या घराचं पुढचं दार बोळात उघडतं. बोळ तीन फूट रुंद आणि मध्यावर त्याला काटकोनात एक वळण. जिवंत माणसाला काही अडचण नाही. डोक्यावर पोतं घेऊन जाता येतं, सायकल मागच्या चाकावर उभी करून वळवता येते. पण आडवं माणूस त्या वळणात वळत नाही.

नानासो बारा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. तिरडी बांधली, चौघं खांदा द्यायला पुढं झाले, आणि वळणाशी येऊन सगळं अडलं. पुढच्यांनी मागं केलं, मागच्यांनी तिरकं केलं, बांबू भिंतीत रुतला. मग कुणीतरी म्हणालं, उभं करा. आणि बापाला उभं केलं. सुतळीनं बांधलेला बाप त्या कोपऱ्यात दोन मिनिटं उभा होता, मान एका बाजूला पडलेली, तोंड नेमकं मागून येणाऱ्या पोराकडं. नानासोंनी त्यानंतर जन्मभर बेदाण्याच्या शेडवर काम केलं, बायको आणली, लेक राणी मिरजेला दिली, आईला पोचवलं; पण डोळे मिटले की बाप उभाच असायचा.

त्या दिवशी खांदा द्यायला जयराजचे वडील होते. ज्ञानू त्यांचं नाव, तेव्हा पंचविशीतला गडी. त्यांनी ते पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर स्वतःच्या कुंपणाला पहार लावून पट्टीवर येणारी वाट मोकळी केली. नानासोंच्या आईला म्हणाले, "वयनी, हितनं फुडं ह्या घरातलं मानूस उभं जायाचं न्हाई. माझ्या जागंतनं न्या." कागद नाही, साक्षीदार नाही. आई नको म्हणत असताना चुलत्यांनी मागच्या भिंतीला दार पाडलं. पुढं त्याच दारानं आई गेली, चुलते गेले, थोरली भावजय गेली. तिघंही चौघांच्या खांद्यावर, आडवी, बघणाऱ्याच्या डोळ्याला बरं वाटेल अशी गेली.

आणि ज्या दारानं तीन मढी गेली त्या दारानं जिवंत माणूस कोण जाईल? कुणी ठरवलं नाही, पण तशी रीतच पडली. परसदाराला आतून कडी, कडीला फडकं गुंडाळलेलं. नानासोंच्या आईनं सांगून ठेवलं होतं, ते दार उगाच उघडं टाकलं की घरातलं एक माणूस कमी होतं. पट्टीवर रामफळाचं एक झाड होतं. त्याची फळं खाली पडून कुजायची, पण नानासोंच्या घरचं कुणी उचलायला गेलं नाही. ती पट्टी फक्त गेलेल्यांची होती.

ज्ञानूबापू जाऊन नऊ वर्षं झाली. जयराज अठराव्या वर्षी भरती झाला, त्या तीन मढ्यांच्या वेळी तो कधी पंजाबात, कधी आसामात. त्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, हेही नानासोंना कळत होतं. एकदा ते मनाचा हिय्या करून त्याच्या दारात गेलेसुद्धा. जयराजनं खुर्ची दिली, चहा आला, नानासोंनी तो बशीत ओतून प्याला, बागेवर करपा आलाय का म्हणून विचारलं, आणि परत आले.

कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझी बायको आता मरेल, तिला न्यायला वाट ठेव? अंबूबाई तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बाजेवर. तिची बाज मागच्या खोलीत, परसदारापासून चार हातांवर. पाय गेले, नजर अधू झाली, पण कान असे की बोळातून कोण आलं ते चपलेवरून सांगायची. त्या माउलीच्या कानावर आपल्या मरणाची व्यवस्था जावी, आणि तीही आपल्या नवऱ्याच्या तोंडून? शिवाय बोललेलं लागतं म्हणतात. नानासोंनी ती गोष्ट दाताखाली धरून ठेवली, आणि धरून धरून त्यांचे दात दुखायला लागले.

नोटिशीला उत्तर तर द्यायला हवं होतं. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बाळासो टेबल टाकून बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. नानासो त्याच्यापुढं बसले.

"काय म्हनून हरकत घ्यायची?" बाळासोनं विचारलं.

"भिंत नको एवढंच लिव."

"आवं, नको म्हणून भागतंय का? कारन लागतंय. वहिवाट हाय का तुमची तिथनं? रोज जाता-येता?"

नानासोंनी मान हलवली. रोज? आजवर तीनदा.

"मग वहिवाट न्हाई लिवता येत. घरात आजारी कोन हाय?"

"मालकीण."

"झालं तर!" बाळासोचा पेन धावायला लागला. पेनातून जे उतरलं ते त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. नियोजित बांधकामामुळे अर्जदाराच्या राहत्या घरास मिळणारा सूर्यप्रकाश व खेळती हवा कायमची बंद होऊन अर्जदाराच्या आजारी पत्नीच्या प्रकृतीस अपाय होणार आहे. पुढं पावसाचं पाणी होतं, ट्रॅक्टरचा धूर होता, जुन्या मातीच्या भिंतीला पोचणारा धोका होता. नानासोंनी अंगठ्याची शाई पुसावी तशी बोटं धोतराला पुसली आणि सही केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सरकारी कागदावर खोटं लिहून दिलं होतं. मागच्या खोलीत ऊन येतच नव्हतं. येणार कुठून? दार बंद, खिडकी नाही, कौलात एक काच तेवढी.

सुनावणीला नगररचनेच्या इंजिनिअर संयोगिता मॅडम होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, डोळ्यांखाली काळं, पण आवाज शांत. सकाळपासून त्यांनी अशी सहा भांडणं ऐकली होती. त्यांनी अर्ज वाचला आणि जयराजकडं पाहिलं.

जयराज तयारीनं आला होता. पावसाचं पाणी? पन्हळ लावून रस्त्याकडं काढतो. धूर? ट्रॅक्टर ढकलत रस्त्यावर आणीन आणि मग चालू करीन. भिंतीला धोका? पाया हद्दीपासून फूटभर अलीकडं घेतो, लिहून देतो. उजेड? छपराला पांढरे पत्रे घालतो, आरपार उजेड येणारे. बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट प्रत्येक वेळी तो नानासोंकडं वळून विचारायचा, "मग तात्या? हे चालेल न्हवं?"

खोट्या कारणाचं हेच वाईट. खऱ्याला माणूस हात घालताना कचरतो. खोट्याला चटकन इलाज निघतो. नानासोंची एकेक हरकत जयराज असा मोडत गेला, आणि दर वेळी नानासोंना त्याचे आभार मानावेसे वाटत होते. त्यांचे पाय दुखत होते. घरी अंबूबाईला पाणी द्यायला कुणी नव्हतं. हे सगळं सोडून द्यावं, सही करावी आणि घरी जाऊन पडावं असं त्यांना फार वाटलं. मग कोपऱ्यात उभा केलेला बाप आठवला, आणि त्या जागी अंबूबाई दिसली.

"आजोबा," संयोगिता मॅडम म्हणाल्या, "यांनी सगळ्याला उत्तर दिलंय. आणखी काही आहे का मनात? असलं तर सांगा. मी लिहून घेत नाही."

टेबलावरच्या फायलीवर जयराजचं नाव होतं, खाली नानासोंचं. त्या दोन नावांमध्ये अंबूबाईचं मरण ठेवायला त्यांचा जीव होईना.

"ऊन," ते म्हणाले. "ऊन जातंय जी आमचं."

"पांढऱ्या पत्र्यानं उजेड येईल म्हणतात ना ते?"

"उजेड येईल. ऊन न्हाई यायचं."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "बरं. गुरुवारी अकराच्या सुमाराला मी जागेवर येते. ऊन येतं की नाही, डोळ्यांनी बघते."

झालं, आगीतून फुफाट्यात. बाहेर बाळासो थांबला होता, तो सगळं ऐकून म्हणाला, "तात्या, काय न्हाई. गुरुवारी सकाळी ते मागलं दार सताड उघडून ठेवा. ऊन आलं की झालं." त्याला काय सांगणार? नानासो "बघतो" म्हणाले आणि चालायला लागले.

घरी अंबूबाई जागीच होती. "काय झालं?"

"मॅडम येनार हायेत. बघायला."

"काय बघायला?"

"ऊन."

परसदाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती, तिकडं तोंड करून अंबूबाई पडून राहिली. नानासोंनी तिला पाणी पाजलं आणि तिच्या पायाला तेल लावायला बसले. तेल लावताना त्यांना ती मिरजेच्या दवाखान्यातून आली तो दिवस आठवला. रुग्णवाहिका रस्त्यावर, जयराजच्या घरापुढं थांबली होती. स्ट्रेचर आणलेल्या माणसानं दहा फुटांची पट्टी पाहिली आणि सरळ तिकडं निघाला. नानासो आडवे झाले होते. "तिकडनं नको! तिकडनं न्हाई न्यायचं!" मग बोळातून नेलं. स्ट्रेचर वळेना, म्हणून तिला चादरीत घेतलं, चादरीची चार टोकं धरून त्या वळणातून फिरवलं. नुकतंच हाड जुळवलेली बाई त्या कोपऱ्यात अशी ओरडली की गल्लीतल्या बाया दारात आल्या. तिला मेलेल्यांच्या वाटेनं आणलं नाही, याचं नानासोंना त्या दिवशी समाधान वाटलं होतं. माणूस कशाकशाचं समाधान मानतो!

गुरुवार उजाडला. सकाळपासून नानासो तीनदा कडीपाशी गेले. फडकं सोडलं, परत गुंडाळलं. दार उघडलं आणि अंबूबाईला काही झालं तर? न उघडावं तर मॅडमपुढं खोटं पडायचं, भिंत उठायची, आणि मग एक दिवस वळणातला तो कोपरा. इकडं आड, तिकडं विहीर. अकरा वाजले तेव्हा दार बंदच होतं.

मॅडम बोळातून आल्या. त्यांच्या खांद्याला भिंतीचा पोपडा लागला होता. मागं टेप धरलेला शिपाई आणि त्याच्या मागं जयराज. मागच्या खोलीत चौघं उभी राहिल्यावर हलायलाही जागा उरली नाही. कौलातल्या काचेतून रुपयाएवढा उजेड जमिनीवर पडला होता.

"आजोबा, ऊन कुठून येतं इथे?"

नानासोंनी परसदाराकडं बोट केलं.

"हे तर बंद आहे."

"बंदच असतंय जी."

"कधीपासून?"

नानासोंचा हात कडीवरच्या फडक्याकडं गेला. जयराजनं घसा खाकरला. खरं तर त्याला आता जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून अवघडून गेला होता.

"मी सांगते," बाजेवरून अंबूबाई म्हणाली.

सगळे वळले.

"मॅडम, ह्या घरातलं मेलेलं मानूस त्या दारानं जातंय. बोळात तिरडी वळत न्हाई. माझ्या सासऱ्याला उभा काढला हुता, मग जयराजच्या बानं आपल्या जागंतनं वाट दिली. हे ऊन-वारं काय न्हाई. माझी तिरडी उभी करायला लागंल म्हनून ह्या मानसाच्या डोळ्याला चार म्हैनं डोळा न्हाई."

"अगं..." नानासो म्हणाले.

"मला ठावं न्हाई व्हय? जयराज कागद घिऊन आला त्याच दिवशी कळलं मला. तुमी बोलंना, म्हनून मी बी बोलले न्हाई. म्हनलं, म्हाताऱ्याला वाईट वाटंल."

शिपायानं टेप त्याच्या पेटीत गुंडाळला. जयराजचा चेहरा उतरला होता. "तात्या," तो म्हणाला, "हे मला सांगायचं न्हाई का तुमी? माझ्या बाचा शब्द हाय ह्यो. मला एकदा सांगितलं असतं तर मी चुना मारला असता का तिथं?"

चार महिने नानासो छातीवर धोंडा ठेवून वागले, आणि तो धोंडा बाजेवरच्या बाईनं एका हातानं बाजूला केला. त्यांना रडू आलं नाही. नुसता थकवा आला, सगळ्या अंगाला, आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

"बसलासा कशाला?" अंबूबाई म्हणाली. "माझं संपलं न्हाई अजून. उठा, दार उघडा."

"काय?"

"दार. उघडा म्हनते."

"अगं, त्या दारानं..."

"आवं, तीन वर्सं झाली मी हितं पडलीया. त्या फटीतनं मला दिसतंय, भाईर ऊन पडलेलं. रोज बघते मी ते. तुमी त्यात मला मेल्यावर न्यायचं म्हनून भांडतायसा. मेल्यावर मला काय करायचं ते ऊन? अर्जात ऊन लिवलंसा ते लय बरं केलंसा. पन मला कवा दिलंसा का?"



"त्या दारानं गेलेलं कुनी परत आलं न्हाई गं," नानासो म्हणाले.

"त्यांना कुनी ये म्हनलं न्हवतं. मला म्हना. मी जाऊन येते."

नानासो उठले. फडकं सोडलं. कडी गंजून बसली होती, ती हलेना. जयराजनं पुढं होऊन शिपायाच्या हातातल्या टेपच्या पेटीनं दोन ठोके दिले तेव्हा ती खाली आली. दार ओढलं आणि खोलीत ऊन आलं, थेट बाजेच्या पायापर्यंत. अंबूबाईनं डोळ्यांवर हात घेतला. त्या उजेडात तिच्या हातावरची कातडी किती पांढरी पडलीय हे नानासोंना दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

जयराजनं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, हातांची. एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं शिपायानं, मागं नानासो. नानासोंनी उंबरा ओलांडला. आजवर ते इथून तीनदा गेले होते, तिन्ही वेळा खांद्यावर भार घेऊन. या वेळी भार बोलत होता.

"सावकास रं. मला सांडू नगा."

पट्टीवर, उन्हात खुर्ची ठेवली. अंबूबाईनं दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले आणि डोळे मिटून घेतले. रस्त्यावरून एसटी गेली. द्राक्षांचे मोकळे क्रेट भरलेला एक ट्रॅक्टर गेला. पुढच्या दुकानात कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं, आणि अंबूबाई तेही कान देऊन ऐकत होती. खुर्चीचे मागचे दोन पाय जयराजच्या चुन्याच्या रेषेवर आले होते.

"हे पांढरं काय?" तिनं एक डोळा उघडून विचारलं.

"भिंत येनार हुती काकी, तिथं," जयराज म्हणाला. मग मॅडमकडं वळला. "मॅडम, माझी फाईल बाजूला ठिवा जरा. माप परत घेतो. गॅरेज घराच्या दुसऱ्या अंगाला बसतंय का बघतो. न्हाई बसलं तर ट्रॅक्टर ऱ्हाईल रस्त्यावर, बॅटरी काढून घरात आणत जाईन."

मॅडमनी मान हलवली आणि पाहणीचा कागद काढला. "आजोबा, मला अहवालात काहीतरी लिहायला लागेल. तुमची हरकत बदलून घेऊ का? आता कळलं ते कारण लिहू?"

नानासोंनी खुर्चीकडं पाहिलं. अंबूबाईच्या कपाळावर घाम आला होता आणि ती तो पुसत नव्हती.

"न्हाई जी," ते म्हणाले. "लिवलंय तेच ऱ्हाऊ द्या. ऊन."

मॅडमनी तसं लिहिलं, शिपायाला घेतलं आणि पट्टीवरूनच रस्त्याला लागल्या. जयराज रामफळाखाली उभा राहिला. तासभर कुणी घाई केली नाही. ऊन सरकत खुर्चीच्या पलीकडं गेलं तेव्हा अंबूबाईनं डोळे उघडले.

"उद्या किती वाजता येतंय हे हितं?"

नानासोंनी तोंड उघडलं. दारापासून रस्त्यापर्यंत किती पावलं, ते त्यांना ठाऊक होतं. पुढच्या खांद्याला कुणाला घ्यायचं, मागं कुणाला, मिरजेहून राणी येईपर्यंत किती वेळ थांबावं लागेल, हे सगळं त्यांनी मनात शंभरदा घोळवलं होतं. या जागेवर ऊन कधी येतं, ते मात्र त्यांना सांगता येईना.

"साडेधाला येतंय, काकी," जयराज म्हणाला. "बारापतोर असतंय."

अंबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"ऐकलंसा न्हवं? साडेधा. आता आत न्या मला."